मान उतरते कुठे?

उतारवयात मान ओघळते ती एकाच कारणाने नाही. कातडीतला ताण जातो, हनुवटीखाली चरबी साठते आणि छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेल्या प्लॅटिस्मा या पातळ स्नायूच्या कडा सुटून गळ्यावर उभे पट्टे दिसू लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून कित्येक दशके शल्यविशारद वरची कातडी तेवढी ताणून कापत राहिले. आतला स्नायू होता तसाच राही, सगळा भार टाक्यांवर येई आणि मान पुन्हा सैल पडे. १९७४ मध्ये स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी कातडी आणि तिच्याखालचा थर एकत्र उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी यांनी प्लॅटिस्माशी सलग असलेल्या चेहऱ्यातल्या त्या थराचे नेमके वर्णन केले. १९९० मध्ये जोएल फेल्डमन यांनी स्नायूच्या दोन्ही कडा मधोमध शिवून घेणारी ‘कॉर्सेट’ पद्धत प्रसिद्ध केली. या साऱ्या वाटचालीतले खरे वळण मला हेच वाटते: ताण कातडीवरून काढून स्नायूवर नेला, म्हणून परिणाम टिकू लागला.

पुढे सुईचे आणि यंत्रांचे दिवस आले. अमेरिकेच्या एफडीएने हनुवटीखालची चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सीकोलिक आम्लाच्या इंजेक्शनला २०१५ मध्ये आणि मानेच्या पट्ट्यांसाठी बोटॉक्सला २०२४ मध्ये मान्यता दिली. भूल नको, व्रण नको, रक्त साकळण्याची धास्ती नको, मग सुरी कशाला, असा प्रश्न साहजिकच येतो. तरुण वयात, कातडी घट्ट आणि तक्रार फक्त थोड्या चरबीची असेल, तर तो रास्तही आहे. पण सुई म्हणजे निर्धोक, हे खरे नाही. चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने जबड्याच्या कडेचा मज्जातंतू दुखावून हसू काही काळ वाकडे होऊ शकते. बोटॉक्स काही महिन्यांत ओसरते, चुकीच्या जागी किंवा जास्त पडले तर गिळायला त्रास होतो. मुख्य म्हणजे लोंबणारी जादा कातडी यांपैकी कशानेच नाहीशी होत नाही. उलट आतली चरबी गेली की ती अधिकच लोंबते. अल्ट्रासाउंडची यंत्रे कातडी थोडी आवळतात, पण तेवढेच. त्यामुळे सल्ला घ्यायला जाल तेव्हा यंत्राचे नाव किंवा दर विचारण्याआधी, आपल्या मानेत बिघाड कातडीचा, चरबीचा की स्नायूचा, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.