मेहरूणचा डोळा

गेली कित्येक वर्षं मी एका बोराच्या मागावर आहे. संक्रांत जवळ आली की जळगावात हातगाड्यांवर बोरांचे ढीग लागतात. सुगडात घालायला, बोरन्हाणाला ती लागतातच. मी गाडीशी थांबून विचारतो, “मेहरूणची आहेत का?” उत्तर ठरलेलं : “मेहरूनचेच बोरं आहेत भाऊ, खाऊन तं पाहा!” खाऊन पाहिलं की कळतं, नाहीत.

जळगावकरांसाठी मेहरूण म्हणजे तलाव आणि सकाळचा फेरफटका. पण फळबागांच्या कुठल्याही मराठी पुस्तकात बोरीचं प्रकरण काढा. उमराण, कडाका, सन्नूर, छुहारा यांच्या ओळीत ‘मेहरूण’ हे नाव सापडतंच. शहरानं गिळलेलं गाव असं जातीच्या यादीत तेवढं शाबूत आहे. शिवारात मात्र ती जात शोधत हिंडावं लागतं.

हे बोर कुणी संपवलं? सोपं उत्तर तयार असतं : बाहेरच्या मालानं. थायलंडहून आलेल्या वाणाची ‘ॲपल बोरं’ गाड्यांवर दिसतात. दिसायला टपोरी, चवीला पाणचट. गावचं खावं, दूरचं टाळावं, हा मंत्र मीही बरीच वर्षं जपला. त्या मंत्रावरचा माझा विश्वास उडवला तो आमच्याच केळीनं.

केळीची कहाणी खानदेशी वाचकाला नव्यानं सांगायला नको. सावदा, निंभोरा, रावेरहून रेल्वेच्या वाघिणी भरून माल दिल्लीकडे जायचा. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 मध्ये तांदलवाडीची 22 टन केळी दुबईला गेली. आता गंमत पाहा. जुनी माणसं जिला ‘आपली’ म्हणून हळहळतात ती बसराई आणि तिची जागा घेणारी ग्रँड नैन, दोघी कॅव्हेंडिश कुळातल्या. या कुळाला नाव मिळालं ते एका इंग्रज सरदार घराण्याचं. मॉरिशसहून गेलेलं रोप जोसेफ पॅक्स्टन या माळ्यानं त्या घराण्याच्या चॅट्सवर्थमधल्या काचघरात वाढवलं आणि 1835 साली ते फुललं. म्हणजे आमचं स्थानिक फळ कुळानं जगभर हिंडलेलं, आणि जगतंय तेही दूरच्या गिऱ्हाइकाच्या जिवावर.

मग अंतर हा गुन्हा ठरतो का? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वेबर आणि मॅथ्यूज यांनी 2008 साली तिथल्या घरांच्या अन्नाचा हिशोब मांडला. अन्नामुळे हवेत जाणाऱ्या एकूण हरितगृह वायूंपैकी सगळ्या वाहतुकीचा वाटा निघाला सुमारे 11 टक्के. शेतातून किंवा कारखान्यातून दुकानापर्यंतचा शेवटचा प्रवास जेमतेम 4 टक्के. बाकीचं बहुतेक ओझं पिकवण्यातलंच.

आमच्याकडे पिकवण्याचा हिशोब पाण्यात मांडावा लागतो. जळगावचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकणारा; केळीला मात्र बारा महिने ओल हवी. ठिबक आलं, तरी यावल-रावेरच्या विहिरी आणि कूपनलिका खोलच जात राहिल्या. अखेर तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशला करार करावा लागला. ही केळी जळगावच्या बाजारात विकली काय किंवा दुबईत, विहिरीला फरक पडत नाही.

बोरीचं सगळंच उलटं. सोटमूळ खोल जातं, उन्हाळ्यात झाड विश्रांती घेतं, पावसावर फुटतं आणि थंडीत फळ देतं. टिकाऊ शेतीचा याहून चांगला नमुना खानदेशाला सापडणार नाही. तरी मागे पडली तीच. काट्यांतून पुन्हा पुन्हा तोडणी, फळमाशी, चार दिवसांत मऊ पडणारं फळ. केळीपाठी वाघीण, बोर्डाचे भाव, ऊतिसंवर्धित रोपं, व्यापारी असं सगळं उभं राहिलं. बोरीपाठी पाटी डोक्यावर घेतलेली बाई होती. आणि शहर मेहरूणपर्यंत पोहोचल्यावर बोरीखालच्या जमिनीला प्लॉटचा भाव आला. त्या भावाशी कुठलं बोर झुंजणार? थायलंडला उगाच बोल लावतो आपण. मेहरूणचं बोर हरलं ते घराच्या उंबऱ्यातच.

माझं मत आता पक्कं आहे. किती किलोमीटर, हे विचारण्याआधी किती पाणी, हे विचारावं. आणि गावच्या फळाचं कौतुक करणाऱ्यानं त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

एक गोष्ट शेवटी सांगायलाच हवी. बोर बियांपासून लावलं तर जात हुबेहूब उतरत नाही. रानबोरीच्या खुंटावर त्या जातीचा डोळाच भरावा लागतो. म्हणजे डोळा द्यायला झाड उरलं आहे तोवरच मेहरूण उरणार. तुमच्या परसात, नाल्याकाठी, विकलेल्या प्लॉटच्या कोपऱ्यात अशी जुनी बोरी असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी पावसाळ्यात एखाद्या कलमं करणाऱ्या माळ्याला बोलवा. रानबोरीचे खुंट खानदेशात बांधाबांधावर आहेत.