कायमची नोकरी : पगारापलीकडचा हिशेब

मुलगा किंवा मुलगी नोकरीत कायम झाल्याची वार्ता आली की घरात पेढे वाटले जातात. वास्तविक आदल्या महिन्यापर्यंत ती व्यक्ती त्याच कचेरीत, त्याच टेबलाशी बसून तेच काम करीत असते. कित्येकदा हाती पडणारी रक्कमही फारशी वाढलेली नसते. मग हा आनंद कशाचा? तो उद्याच्या दिवसाविषयीच्या भरवशाचा. कंत्राटावर काम करणाऱ्याला आजचा मोबदला मिळतो. परंतु येत्या जूनमध्ये मुलीची फी भरता येईल की नाही, हे त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. घरभाडे, आजारपण, कर्जाचे हप्ते या साऱ्यांचा विचार त्याला कंत्राटाच्या मुदतीपुरताच करावा लागतो. कायम नोकरी लाभली म्हणजे हीच मुदत लांबते आणि कुटुंबाला पुढील दहा-वीस वर्षांची आखणी करता येते. हे स्थित्यंतर कसे घडते व त्या वेळी कोणती दक्षता घ्यावी, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे इष्ट आहे.

गोदीतून आलेला धडा

हा प्रश्न आजचा नव्हे. बंदरात जहाज लागले की मालाच्या चढउतारासाठी शेकडो हात लागत, आणि जहाज निघून गेले की त्याच हातांना काम उरत नसे. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्यांच्या मार्फत माणसे बोलावली जात. ज्याला बोलावणे आले नाही, त्याला रिकाम्या हाती घरी परतावे लागे. १९४८ साली गोदी कामगारांच्या सेवेचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ मध्ये त्याखाली मुंबई बंदरासाठी योजना तयार झाली. कामगारांची रीतसर नोंदणी होऊ लागली आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास काही रक्कम देण्याची तरतूद झाली.

पुढे महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. माथाडीचा मालक एक नसतो. आज या पेढीत, उद्या त्या वखारीत त्याला ओझी वाहावी लागतात. म्हणून मंडळाने कामगाराची नोंद ठेवावी, मालकांनी मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरावा, आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान कामगाराला मंडळामार्फत मिळावे, अशी व्यवस्था करण्यात आली. काम अस्थिर असले तरी माणसाचे जिणे अस्थिर असलेच पाहिजे असे नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते. दोन्हीकडे स्थैर्याचा पाया एकच होता : नोंद.

वर्षे भरली म्हणजे कायम?

दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस आपोआप कायम होतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. या दिवसांना महत्त्व आहे, यात शंका नाही. औद्योगिक कायद्याखाली येणाऱ्या कामगाराला कामावरून कमी करताना नोटीस व भरपाई द्यावयाची की नाही, हे ठरविताना ते मोजले जातात. परंतु केवळ त्यांच्या बळावर सरकारी पदावर हक्क सांगता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात ही गोष्ट स्पष्ट केली. सार्वजनिक पदांवरील नेमणुका सर्वांना समान संधी देऊन, नियमानुसार झाल्या पाहिजेत. केवळ दीर्घकाळ हंगामी काम केल्याने कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मंजूर पदांवर, पात्रता असूनही केवळ कार्यपद्धतीतील उणिवेने नेमल्या गेलेल्या आणि न्यायालयीन आदेशांच्या आधाराविना दहा वर्षे वा अधिक सेवा केलेल्यांचा एकवेळचा विचार व्हावा, असेही त्याच निकालात सांगितले.

या निकालाची दुसरी बाजू २० डिसेंबर २०२४ रोजी पुढे आली. केंद्रीय जल आयोगात साफसफाई व बागकाम करणाऱ्या काही जणांना दीर्घ सेवेनंतर २०१८ मध्ये काढून टाकण्यात आले होते. त्यांचे काम नित्याचे व आवश्यक स्वरूपाचे होते. उमादेवी निकालाचा आधार घेऊन अशा माणसांना डावलणे योग्य नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सेवेत कायम करण्याचा आदेश दिला.

कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून तेथील कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरविले. परंतु कंत्राट केवळ नावापुरते असेल आणि खरा मालक पडद्याआड असेल, तर कामगार त्या खऱ्या मालकाचाच मानला जातो. तात्पर्य, किती वर्षे काम केले या प्रश्नाइतकाच ते कोणासाठी, कोणत्या पदावर आणि कोणत्या कागदाच्या आधारे केले हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

नावातील एक अक्षर

मुंबई महानगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघ या त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांच्या बाजूने निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कायम सेवेचा मार्ग मोकळा केला. परंतु अंमलबजावणीची वेळ आली, तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. अनेकांच्या नावांची यादीतील नोंद व त्यांच्या ओळखपत्रांवरील नोंद जुळेना. लढाई जिंकूनही केवळ एखाद्या अक्षराच्या फरकामुळे माणसाला ताटकळावे लागले.

म्हणून आज जे कंत्राटावर आहेत, त्यांनी नियुक्तिपत्र, मुदतवाढीचे आदेश, पगारपत्रके, हजेरीची नोंद, ओळखपत्र आणि बँकेचे खातेपुस्तक ही सारी कागदपत्रे पहिल्या दिवसापासून एका ठिकाणी जपून ठेवावीत. सर्वांवर नाव, जन्मतारीख व आडनाव एकसारखे आहे की नाही, हे पाहावे. चूक आढळल्यास ती आजच दुरुस्त करून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते मागून घेण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कायम होताना

कायम नेमणुकीचा आदेश हाती पडल्यावर आनंदाच्या भरात तो न वाचताच ठेवून देऊ नये. परिवीक्षेचा काळ किती, वेतनश्रेणी कोणती, नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस द्यावयाची आणि सेवा कोणत्या तारखेपासून धरली जाईल, या चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. परिवीक्षा संपेपर्यंत मोठे कर्ज काढण्याची घाई न करणे शहाणपणाचे होय.

दुसरी गोष्ट भविष्यनिर्वाह निधीची. कंत्राटाच्या काळात निधी कापला जात असेल, तर नवीन नोकरी लागताच तो काढून खर्च करण्याचा मोह होतो. तो आवरावा. या योजनेतील निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः दहा वर्षांची सेवा लागते. सहा वर्षे कंत्राटावर व चार वर्षे कायम नोकरीत, दोन्हीकडे निवृत्तिवेतन योजनेत राहून काम केलेल्या माणसाने आपले खाते नव्या मालकाकडे वर्ग करून घेतले, तर ही दहा वर्षे जुळतात. मधेच सर्व रक्कम काढून घेतल्यास मागील सहा वर्षे हातची जातात.

तिसरी गोष्ट उपदानाची. कायम कामगाराला सामान्यतः पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर त्याचा हक्क मिळतो. नव्या संहितेप्रमाणे ठरावीक मुदतीच्या नोकरास पाच वर्षांची अट नाही. शेवटच्या मासिक वेतनास २६ ने भागून १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे, असा हिशेब असतो. वेतन २६,००० रुपये व सेवा दहा वर्षे असेल, तर ही रक्कम दीड लाख रुपये होते. मालकांनी बदलत्या कंत्राटांचे तुकडे जोडून धरावे, यासाठी कामगार का झगडतात, हे यावरून ध्यानी येईल.

कपातींमुळे पहिल्या महिन्यात हाती येणारा पगार पूर्वीपेक्षा कमी भासण्याचा संभव असतो. घरातील मंडळींनी त्यामुळे खट्टू होऊ नये. कापली गेलेली रक्कम म्हातारपणाच्या व अडचणीच्या दिवसांसाठी बाजूला पडत असते. एखाद्या संध्याकाळी पतिपत्नींनी एकत्र बसून पगारपत्रकातील प्रत्येक ओळ समजून घ्यावी आणि नामनिर्देशनाचा अर्ज भरला आहे की नाही, हे पाहावे. कमावत्या माणसाचे काही बरेवाईट झाल्यास त्याच अर्जाच्या आधारे घरच्यांना त्यांचा हक्क विनासायास मिळत असतो.