फर्मा यांचें अनुमान व ६४१

जिला १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. जिला जातो, ती संयुक्त संख्या. मूळ संख्या देणारें एखादें सूत्र असावें, ही गणितज्ञांची जुनी इच्छा.

फ्रान्समधील कायदेपंडित व थोर गणिती पिएर द फर्मा यांनीं १७ व्या शतकांत असें एक सूत्र सुचविलें. २ चे १, २, ४, ८ व १६ हे घात घेऊन प्रत्येकांत १ मिळविल्यास ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ आहेत. तेव्हां पुढील सर्वही मूळच असतील, असें त्यांस वाटलें. सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय.

इ. स. १७३२ मध्यें लेओनहार्ड ऑयलर यांनीं ती संयुक्त असल्याचें दाखविलें. पुढें त्यांनीं सिद्ध केलें कीं, हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या एखाद्या पटींत १ मिळविल्यानें होणारा असतो. म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ अशा क्रमानें पाहत जावें. पहिल्या चारांनीं भागितां बाकी उरते. ६४१ नें मात्र निःशेष भाग जाऊन ६७,००,४१७ हा भागाकार येतो.

आजवर ६५,५३७ च्या पुढें या मालिकेंतील एकही मूळ संख्या सांपडलेली नाहीं!

विद्यार्थिमित्रहो, हा भागाकार स्वतः करून पाहा. पांच उदाहरणांनीं अनुमान सुचतें, सिद्ध होत नाहीं; आणि तें मोडावयास एकच उदाहरण पुरतें. थोरांचें वचन आदरानें ऐकावें, परंतु पडताळूनच स्वीकारावें.