धर्म बदलला, छंद नाही

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना रेव्हरंड नारायण वामन टिळक भेटतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. रानात एकटे उमललेले फूल, माणसाच्या क्रौर्याने घायाळ झालेली पक्षीण, एवढी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकाने करून दिलेली असते. त्याच टिळकांची भक्तिगीते दर रविवारी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, पुणे, मुंबई इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पेटी-तबल्याच्या साथीने म्हटली जातात. निसर्गकवी टिळक शाळेकडे आले, भक्तकवी टिळक चर्चकडे राहिले. एका कवीची ही वाटणी त्याच्या हयातीत झाली नव्हती, ती आपण नंतर केली.

ही वाटणी एकट्या टिळकांपुरती नाही. ख्रिस्ती श्रद्धेतून आलेले मराठी लेखन चारशे वर्षांहून जुने आहे. त्यात पुराण आहे, कादंबरी आहे, अभंग, कीर्तन, आत्मचरित्र आणि बायबलची भाषांतरे आहेत. वाङ्मयेतिहासात मात्र त्याला ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ असे एक वेगळे प्रकरण मिळते. त्या प्रकरणाबाहेर हे लेखक फारसे डोकावत नाहीत. हा सगळा प्रवाह सलग वाचला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. या परंपरेतले जे टिकले, ते लिहिणाऱ्यांनी उपास्य बदलले तरी ओवी सोडली नाही, अभंग सोडला नाही, घरातली बोली सोडली नाही. जिथे ती सुटली, तिथे लेखन प्रचारापुरते उरले आणि प्रचाराची निकड संपताच विझले.

राशोलचे पुराण

आरंभ करावा लागतो तो एका इंग्रजापासून. थॉमस स्टीफन्स विल्टशायरमध्ये जन्मला, जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो तिथेच राहिला. त्यातला बराच काळ साष्टीत गेला. तिथल्या लोकभाषेचे त्याने लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. त्याचे मुख्य काम ‘क्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापून झाले.

या ग्रंथाचे कारण ग्रंथातच आले आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची जुनी पुराणे त्यांच्यापासून तुटली होती. श्रवणाची भूक मात्र तशीच होती. त्यांच्यातलाच एक जण पाद्रीला सांगतो की आम्हाला वाचायला-ऐकायला आमचे असे काही द्या. त्या मागणीतून १०,९६२ ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. पहिल्या पुराणात जुना करार आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. प्रकरणांना स्टीफन्स ‘अवस्वरू’ म्हणतो.

त्याची ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची आहे. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. आरंभी मराठीची जी स्तुती तो करतो, ती उपऱ्याने केलेल्या औपचारिक कौतुकासारखी वाटत नाही. तो या भाषेच्या प्रेमात पडलेला आहे हे ओवीओवीतून कळते. धर्मोपदेश हा त्याचा हेतू होता, त्याने तो लपवला नाही. तरीही हा ग्रंथ काव्य म्हणून वाचता येतो, कारण श्रोत्याच्या कानाला काय सवय आहे याचा त्याने उपदेशाआधी विचार केला. त्याच्यामागोमाग एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर ओवीबद्ध पुराण रचले. तेवढ्या काळापुरती तरी गोव्यात ख्रिस्ती पुराणांची एक परंपराच तयार झाली होती.

या उजळ चित्रामागची काळी बाजू विसरता येत नाही. ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण छापले गेले, तिनेच देवळे पाडली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालवले होते. १६८४ मध्ये तर लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज धरावी, असा हुकूम निघाला. ‘क्रिस्तपुराण’ मात्र लोकांच्या तोंडी राहिले. गोव्यातून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते कानडी मुलखात नेले. म्हणूनच त्याची १९०७ ची महत्त्वाची आवृत्ती जे. एल. साल्ढाणा यांच्या संपादनाखाली मंगळूरला निघाली. देवनागरीत ते छापून येण्यास १९५६ उजाडले. शांताराम बंडेलू यांनी ती आवृत्ती पुण्यात सिद्ध केली. एकनाथांच्या निर्वाणानंतर पुरती वीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा छापला गेलेला हा मराठी ग्रंथ मराठी लिपीत यायला ३४० वर्षे लागली.

गद्याची वाट

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. सेरामपूरला विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला. मुंबई आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनचे काम वाढले. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. वादविवाद, खंडनमंडन, पत्रके, शाळेची पुस्तके यांचा तो काळ होता. त्या ढिगातले बरेचसे आज कोणी वाचत नाही आणि त्याची खंत करण्याचेही कारण नाही.

त्यातून बाबा पदमनजी वेगळे उठून दिसतात. बेळगावात जन्मलेल्या बाबांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांच्या हालांचे हे कथन मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यात धर्मचर्चेची पानेच्या पाने आहेत, ती आज जड जातात. पण एक तरुण स्त्री गावोगावी फिरते, बायकांच्या तोंडून त्यांची दुःखे ऐकते आणि त्यातून कथा पुढे जाते, ही रचना त्या काळी अगदी नवी होती. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात बाबांनी आपल्या मनाची उलघाल सांगितली. मराठी आत्मचरित्राच्या उगमापाशी ते पुस्तक उभे आहे. धर्मांतर करणाऱ्याला ‘मी असा का झालो?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःला आणि नातलगांना द्यावेच लागे. ही सक्ती या लेखकांना आत्मकथनाकडे घेऊन गेली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी वेगळे आहे. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर एकटीने केले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते वाचता यावे, हा तिचा ध्यास होता. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी खिळे जुळवले, छपाई केली. दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचलेल्या बायकांनी स्वतःच्या हाताने एक ग्रंथ घडवला, अशी दुसरी उदाहरणे आपल्याकडे किती असतील? १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्यानंतर संपूर्ण बायबल वाचकांच्या हाती आले.

तुकोबांच्या वाटेने

तोवर मंडळ्यांत गायची गीते बरीचशी भाषांतरित होती. चाल विलायती, शब्द मराठी. इंग्रजी गीत शब्दावरच्या आघातावर चालते, मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरांवर. विलायती चालीत मराठी शब्द कोंबला की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ आखडते आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. अर्थ कळतो, पण ओळ जिभेवर बसत नाही. हे ओळखून कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. टाळ, वीणा, पूर्वरंग-उत्तररंग सगळे आपले, आख्यान बायबलमधले. त्या जिल्ह्यातल्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग समाजातून उभ्या राहिल्या होत्या. भजन आणि एकतारी त्यांच्या घरातच होती. त्यांना हे परके वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

या तयार झालेल्या जमिनीवर टिळक आले. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्म, नाशकात शिक्षण, नागपुरात ग्रंथसंपादन, ‘ऋषी’ मासिक. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे वाक्य त्यांच्या कवितेतही उतरले आहे. ‘अभंगांजली’तला येशू वारकऱ्याच्या आर्जवाने आळवलेला आहे. कधी तो आई आहे, कधी सखा, कधी गुरू. शेकडो गीते त्यांनी रचली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे.

टिळकांना काव्य आणि भक्ती वेगळी ठेवता आली नाही. फुलावरची त्यांची कविता आणि प्रार्थनेची कविता एकाच मुळातून येतात. निर्मात्याचा हात जागोजागी दिसतो, म्हणून फूल महत्त्वाचे. निर्माता फुलासारखा जवळचा आहे, म्हणून प्रार्थना सोपी. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांच्या घराचे साहित्यातले ऋण निराळेच आहे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले, तो त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे टिळकांच्या अहमदनगरच्या घरी मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही, कोणी तसा आग्रहही धरला नाही. मराठी निसर्गकवितेचा उत्कर्ष ज्या माणसांच्या हातून झाला, त्यातली दोन माणसे काही काळ एका छपराखाली जेवत होती.

लक्ष्मीबाईंची लेखणी

या साऱ्या परंपरेत मला सर्वांत मोठ्या वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. १८६८ मध्ये नाशिकजवळ जलालपुरात जन्मलेल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, जोडाक्षरांशी अखेरपर्यंत झगडलेल्या. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचे जगच कोसळले. सोवळ्याचे वेड असलेल्या बापाच्या घरात त्या वाढल्या होत्या. नवऱ्याकडे परत आल्या तेव्हाही त्यांनी आपली चूल आणि पाणी निराळे ठेवले. मग राहुरीला असताना एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले की जात माणसाने केली आहे, देवाने नाही. त्या क्षणी त्यांनी भेद टाकला. बाप्तिस्मा नंतर आला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बाई, असे त्यांच्याबद्दल म्हणण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली. दुष्काळात गोळा केलेली पोरे, प्लेगच्या दिवसांतली सेवा, टिळकांचा संताप आणि दातृत्व, घरातली कायमची टंचाई हे सगळे त्यात आहे. सगळे माजघरात बसून सांगितल्यासारखे आहे. त्यांची श्रद्धा या पुस्तकात उपदेश म्हणून कुठेच येत नाही. ती क्षमेत दिसते, माणसांकडे पाहण्याच्या नजरेत दिसते. दुखावणाऱ्यांबद्दलही त्यांच्या मनात कडवटपणा नाही. स्वतःच्या दुःखाकडे त्या हसून पाहतात, पण त्याचे मोल कमी करत नाहीत. म्हणूनच हे पुस्तक कुठल्याही धर्माच्या वाचकाला आपले वाटते.

कवी म्हणूनही त्या लहान नव्हत्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. लक्ष्मीबाईंनी त्याच ओवीत ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवट बाकी होता. तो मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि त्यांच्या पश्चात ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टीफन्सने राशोलला सुरू केलेली ओवी तीन शतकांनंतर एका मराठी कुटुंबाने अशी पुढे नेली.

वसईचा वारा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लेखनाचे एक केंद्र वसईला सरकले. तिथला ख्रिस्ती समाज शेतकरी-बागायतदार, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा, लग्नात आपली गाणी गाणारा. ‘सुवार्ता’ मासिकाने त्यांच्यातल्या लिहित्या हातांना जागा दिली. सिसिलिया कार्व्हालो यांची कविता याच मातीतली. दुसरीकडे अनुपमा उजगरे यांनी कविता आणि अभ्यास दोन्ही अंगांनी ही परंपरा जागती ठेवली.

‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हिरवाईसाठी आंदोलनात उतरलेला हा धर्मगुरू गद्य लिहितानाही माणसे आणि झाडे यांच्यात रमे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीवर आक्षेप घेतले गेले, विरोध झाला. साहित्य महामंडळाने आणि श्रोत्यांनी त्या विरोधाला जुमानले नाही, हे मराठी साहित्यव्यवहाराचे भूषण आहे. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले.

आज काय करायला हवे

या चार शतकांचा निष्कर्ष मला असा दिसतो : श्रद्धेने लेखकाला विषय दिला, धीर दिला, कधी एकाकीपण दिले. साहित्य मात्र तेव्हाच झाले, जेव्हा ती श्रद्धा मराठीच्या छंदात आणि बोलीत मुरली. हा निकष आजच्या ख्रिस्ती लेखकांनाही लागू आहे. धर्मसभेत बोलली जाणारी, भाषांतराचा वास असलेली घडीव मराठी कवितेत चालत नाही. ज्या भाषेत आजी रागावते आणि शेजारीण हाक मारते, त्याच भाषेत प्रार्थना लिहावी लागते.

बाकीच्या मराठी समाजाचीही काही जबाबदारी आहे. विद्यापीठांनी ‘क्रिस्तपुराण’ एकनाथांच्या शेजारी बसवून शिकवावे. टिळकांची निसर्गकविता आणि त्यांचे अभंग एकत्र असलेली निवड एखाद्या प्रकाशकाने काढावी. नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या वस्त्यांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेली ख्रिस्ती भजने आणि कीर्तनातली आख्याने ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. ती माणसे फार काळ राहणार नाहीत.

आणि वाचकाला एवढीच विनंती की, या दिवाळीत ‘स्मृतिचित्रे’ संपूर्ण वाचा. शाळेतल्या धड्यात आला होता तेवढा तुकडा पुरेसा नाही.