क्षयजंतूचे तोतये

पानिपतानंतरच्या तोतयाचे प्रकरण इतिहासाच्या तासाला निघाले की आमच्या वर्गातील मुले कान टवकारतात. सदाशिवरावभाऊ १७६१ साली रणात पडले; परंतु पुढे 'मीच तो भाऊ' असे म्हणणारा एक मनुष्य उभा राहिला, १७७६ साली त्याने कोकणात मोठी धामधूम उडवून दिली, आणि पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांनी त्यास खरा मानले. चेहरा मिळताजुळता दिसला की ओळख पटली असे समजावयाचे, ही मनुष्याची जुनी खोड आहे. या खोडीमुळे रोगाच्या निदानात केवढा घोटाळा होऊ शकतो, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या वडिलांस काही वर्षांपूर्वी खोकला जडला. त्यांची थुंकी तपासण्यात आली आणि तीत क्षयाचे जंतू आहेत असे चिठ्ठीवर लिहून आले. औषधे सुरू झाली. घरात त्यांचे ताट-वाटी निराळी झाली, आणि मुलीची रवानगी आजोळी झाली. सहा महिने गेले, पुढे आणखी दोन गेले; गृहस्थांनी एक दिवसही औषध चुकविले नाही, तरी खोकला तसाच आणि अंग मात्र उतरत चाललेले. अखेरीस थुंकीचा नमुना एका मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत गेला, तेव्हा कळून आले की त्यांस क्षय नव्हताच. जंतू त्याच कुळातला खरा, पण निराळा होता. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेर.

हे मायकोबॅक्टेरियम कूळ फार मोठे आहे. क्षयाचा जंतू व त्याचे अगदी सख्खे आप्त, आणि कुष्ठरोगाचा जंतू, एवढे वगळले तरी सुमारे दोनशे जाती उरतात. त्यांस क्षयेतर मायकोबॅक्टेरिया असे म्हणतात. क्षयाचा जंतू मनुष्याच्या देहावाचून फारसा जगत नाही; हे मात्र पाण्यात व मातीत सुखाने नांदतात. यांच्या अंगावर मेणासारख्या द्रव्याचे जाड कवच असते. त्यामुळे नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांस सहजासहजी मारू शकत नाही, व नळाच्या आतल्या बाजूस बुळबुळीत थर धरून ते वर्षानुवर्षे राहतात. आपण स्नान करतो, बागेत माती उकरतो, तेव्हा ते आपल्या संगतीस असतातच. निरोगी मनुष्याचे त्यांच्यामुळे सहसा काही बिघडत नाही. परंतु ज्याची फुप्फुसे पूर्वीच्या क्षयाने अथवा दुसऱ्या जुनाट विकाराने खराब झाली आहेत, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्याच्या ठायी हे बिऱ्हाड करतात. क्षय एका मनुष्यापासून दुसऱ्यास हवेतून होतो. हे रोग सामान्यतः तसे पसरत नाहीत. म्हणजे त्या मुलीची आजोळची रवानगी व्यर्थ गेली. (निराळी ताट-वाटी तर खऱ्या क्षयातही काही कामाची नाही, कारण तो भांड्यांवाटे पसरतच नाही, पण हे किती वेळा सांगावे!)

आता चूक झाली कशी? बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच अवधीत झील व नीलसेन या दोघा जर्मन संशोधकांच्या प्रयत्नांतून तो रंगविण्याची जी रीत ठरली, ती आजही जगभर चालू आहे. काचपट्टीवर थुंकी पसरून सुकवितात, तीवर कार्बोल फुक्सिन नावाचा लाल रंग ओततात, आणि वाफ निघू लागेपर्यंत खालून ऊब देतात. उष्णतेने तो रंग मेणाच्या कवचात शिरतो. मग पट्टी आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग धुऊन जातो, पण कवचधारी आपला लाल रंग सोडत नाहीत. शेवटी मेथिलीन ब्ल्यूचा हात दिला म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसतात. रीत स्वस्त आहे व तिने असंख्य रोग्यांचे कल्याण केले आहे. पण तिचा प्रश्न एकच: अंगावर मेणाचे कवच आहे काय? कवच तर साऱ्या कुळालाच आहे! येथे तोतयाची उपमा थोडी लंगडी पडते, हे आम्ही कबूल करतो. बिचाऱ्या जंतूने कोणाचेही सोंग घेतलेले नसते. आपणच त्याचा अंगरखा पाहून नाव ठरवितो.

खरी ओळख पटवावयाची तर जंतू वाढवून पाहिले पाहिजेत. थुंकीत इतर शेकडो जंतू असतात. ते आधी सौम्य दाहक सोड्याने मारून टाकावे लागतात, आणि कवचामुळे आपले जंतू त्यातून बहुतांशी वाचतात. मग अंड्यांचे व मॅलाकाइट ग्रीन या रंगाचे जे हिरवे खाद्य लोवेनस्टाइन व जेन्सन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, त्यावर ते पेरून ऊबदार पेटीत ठेवतात. येथे धीर लागतो. आतड्यातील साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूस त्याच कामी सुमारे वीस तास लागतात. म्हणून तीन ते सहा आठवड्यांनी कोठे खडबडीत, कोरडे, पिवळट कण दिसू लागतात, आणि काही न दिसल्यास आठ आठवडे वाट पाहतात. क्षयेतरांपैकी काही जाती मात्र सात दिवसांच्या आतच उगवतात.

अमेरिकेतील अर्नेस्ट रन्यन यांनी १९५९ साली या वेगावरून व रंगावरून क्षयेतरांचे चार गट पाडले. त्यातला एक प्रकार मुलांना फार आवडेल. कॅन्सस सिटी येथे १९५३ साली वर्णिलेला कॅन्ससाय हा जंतू अंधारात वाढविला तर फिकट असतो; त्यास काही वेळ उजेड दाखवावा आणि परत ठेवावा, की तो लिंबासारखा पिवळा होतो. दुसऱ्या एकाची गोष्ट याहून उपयोगाची आहे. मरायनम हा जंतू १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत सापडला, आणि १९५४ साली स्वीडनमधील एका पोहण्याच्या तलावातून माणसांच्या कातडीवर आल्याचे दिसून आले. त्यास थंडावा मानवतो. तो तीस अंशांच्या आसपास चांगला वाढतो, व शरीराच्या सदतीस अंश उष्णतेत नीट वाढत नाही. प्रयोगशाळेने एकच पेटी सदतीस अंशांवर ठेवली असेल तर तो उगवणारच नाही, आणि रोग्यास 'जंतू नाहीत' अशी चिठ्ठी मिळेल. घरात काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांच्या हातावर न भरणारी गाठ उठली, तर माशांची हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी, ती याकरिता.

अलीकडे हे काम पुष्कळ त्वरेने होते. पातळ खाद्याच्या नळ्यांत जंतूंनी प्राणवायू खाल्ला की नळी चमकते, व यंत्र तशी वर्दी देते. वाढलेल्या जंतूंचा द्रव एका पट्टीवर टाकला की क्षयजंतूचे विशिष्ट प्रथिन आहे की नाही हे पाव तासात समजते. जनुके शोधणारी यंत्रे तर सरळ थुंकीतूनच क्षयजंतू ओळखतात. त्यांपैकी ट्रूनॅट हे आपल्या गोव्यातच तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्या दिसल्या आणि यंत्र मात्र 'क्षय नाही' म्हणू लागले, तर जाणत्याने तेथेच सावध व्हावे. पुढे जनुकांचा क्रम वाचून जातीचे नेमके नाव काढता येते.

परंतु नाव निघाले म्हणजे रोग ठरला असेही नाही. जो जंतू नळात आहे, तो चूळ भरलेल्या पाण्यातून किंवा खुद्द प्रयोगशाळेच्या पाण्यातूनही नमुन्यात येऊ शकतो. चांगल्या प्रयोगशाळेस स्वतःच्याच नळावर संशय घ्यावा लागतो! यास्तव २००७ साली अमेरिकेतील वैद्यकसंस्थांनी नियम घातला, आणि २०२० साली तो पुन्हा मान्य झाला, की थुंकीचे निदान दोन वेगवेगळे नमुने जंतू दाखवोत, शिवाय लक्षणे व छातीचे चित्र त्यांस जुळोत. मगच रोग म्हणावा.

राहता राहिली नोंदीची गोष्ट. क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारास कळविला पाहिजे असा आदेश भारतात २०१२ साली निघाला. परंतु तो क्षयापुरताच. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात क्षयेतरांचीही वर्दी द्यावी लागते. कोणी विचारील, जो रोग माणसापासून माणसास होत नाही तो मोजावयाचा कशाला? याचे उत्तर झुरिकच्या हकीकतीत आहे. तेथील डॉक्टरांनी २०१३ साली हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या दोन रोग्यांत कायमेरा नावाचा जंतू आढळल्याचे प्रसिद्ध केले. रोग शस्त्रक्रियेनंतर फार उशिरा उद्भवला होता, त्यामुळे दोहोंचा संबंध जोडणे सोपे नव्हते. मग इतर देशांतही तसेच रोगी सापडू लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गार वा ऊबदार राखण्यासाठी जवळ एक पाण्याचे यंत्र ठेवलेले असते. ते पाणी रोग्यास शिवतही नाही. परंतु यंत्राच्या पंख्याने त्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडत, आणि उघड्या छातीत जाऊन पडत. पुढे २०१७ साली निरनिराळ्या देशांतील जंतूंची जनुके ताडून पाहिली, तेव्हा बहुतेकांचे मूळ यंत्राच्या कारखान्यापर्यंत जाऊन पोचले. एकेका इस्पितळास एकच रोगी दिसत होता; सर्वांच्या नोंदी एकत्र आल्या नसत्या तर हे कोणासही उमगले नसते. आपल्या देशातही दुर्बिणीने केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी छिद्रांच्या जागी गाठी येऊन वाहू लागल्याच्या हकीकती वैद्यकीय मासिकांत वारंवार येतात. त्यांत हत्यारे अशुद्ध पाण्यात धुतल्याचे कारण पुष्कळदा दिसून येते.

त्या गृहस्थांची औषधे बदलण्यात आली. थुंकी स्वच्छ झाल्यावरही बारा महिने ती घ्यावयाची होती, आणि ठरल्या वेळी नमुना पाठवावयाचा होता. हे काम त्यांच्या पत्नीने केले. डबीवर तारीख घालून ती पहाटेच्या गाडीने पाठवीत असे. मुलगी पुढल्या जून महिन्यात आजोळाहून परत येऊन आमच्या वर्गात बसू लागली. वडिलांस काय झाले होते असे एकीने तिला विचारले, तेव्हा तिने ते लांबलचक नाव फळ्यावर बिनचूक लिहून दाखविले.