हरभऱ्याचा मर रोग आणि जनुकांचा नकाशा

हरभऱ्याचे पीक जोमाने वाढत असता एखाद्या सकाळी तासातील काही झाडे माना टाकून उभी असलेली दिसतात. जमिनीत ओल असते, पानांवर कीड नसते. तरीही थोड्याच दिवसांत ती झाडे वाळून जातात. असे झाड उपटून त्याचे मूळ उभे चिरले, तर आतील भाग काळसर तपकिरी झालेला आढळतो. हाच मर रोग होय. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळावाटे झाडात शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका व्यापते आणि झाड भर ओलीत तहानेने मरते.

ही बुरशी हरभरा न पेरताही सहा वर्षांपर्यंत जमिनीत जिवंत राहू शकते. त्यामुळे पिकाची फेरपालट करूनही शेत सहजासहजी निर्वेध होत नाही. बियाण्यास औषध चोळल्याने कोवळ्या रोपास काहीसे संरक्षण मिळते, परंतु ते अखेरपर्यंत पुरत नाही. म्हणून ज्या झाडाच्या अंगीच रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती आहे, असे झाड निर्माण करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो.

ही शक्ती आनुवंशिक असते. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधले व ते १८६६ साली प्रसिद्ध केले. रोगप्रतिकारही या नियमांस अनुसरून वागतो, हे बिफेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत दाखवून दिले. परंतु प्रतिकारक जनुक डोळ्यांना दिसत नाही. त्याची परीक्षा घ्यावयाची तर बुरशीने भरलेल्या जमिनीत पेरणी करून कोणती झाडे तगतात हे पाहावे लागते. त्यात एक हंगाम जातो. शिवाय या बुरशीचे अनेक प्रभेद असून एकास दाद न देणारे झाड दुसऱ्यास बळी पडू शकते. त्यातच हरभऱ्यातील काही प्रतिकारक जनुके अप्रभावी आहेत. म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच तसे जनुक लाभलेले झाड रोगाने मरते, आणि त्याच्या ठायी असलेले मोलाचे जनुक आपल्या ध्यानातही येत नाही.

ही अडचण नकाशाने दूर होते. जनुके गुणसूत्रावर एका ओळीत वसलेली असतात. जनकाच्या शरीरात बीजपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. जवळ वसलेली दोन स्थाने बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात, तर दूरची स्थाने वारंवार विलग होतात. तेव्हा विलग होण्याचे प्रमाण मोजले की अंतर कळते. या तत्त्वावर स्टर्टेव्हंट याने १९१३ साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. शंभर बीजपेशींपैकी एकीत अशी फारकत झाल्यास ते अंतर सामान्यतः एक सेंटिमॉर्गन मानतात.

हरभऱ्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या आहेत. त्यांवर मैलाच्या दगडांप्रमाणे उपयोगी पडणाऱ्या खुणा डीएनएमध्ये सापडतात. काही ठिकाणी अक्षरांचा एखादा लहानसा गट पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि त्याच्या आवृत्तींची संख्या वाणावाणांत निरनिराळी असते. आता रोगास बळी पडणारा व रोगास न जुमानणारा अशा दोन वाणांचा संकर करावयाचा, त्याच्या संततीतील प्रत्येक झाडापासून स्वपरागणाने पिढ्यान्‌पिढ्या एकेक शुद्ध ओळ तयार करावयाची, आणि प्रत्येक ओळीची रोगपरीक्षा व खुणांची नोंद शेजारी शेजारी मांडावयाची. समजा, शंभर ओळींपैकी सत्त्याण्णव ओळींत एखादी खूण व प्रतिकार यांची सांगड टिकून राहिली, तर ते जनुक त्या खुणेच्या निकटच असले पाहिजे. पन्नासच ओळींत ती टिकली, तर दोहोंचा परस्परसंबंध नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हाच मार्ग अवलंबिला. लवकर मरणारा जेजी ६२ आणि रोगप्रतिकारक ‘विजय’ या वाणांच्या संकरातून निघालेल्या ओळी तपासून त्यांनी तीन प्रभेदांविरुद्धच्या जनुकांची स्थाने निश्चित केली. हे कार्य २००९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ साली हरभऱ्याच्या समग्र जनुकसंचाचा आराखडा हाती आला. हैदराबादनजीक पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा त्यात प्रमुख वाटा होता.

या नकाशाचे फळ आता शेतापर्यंत पोहोचू लागले आहे. कर्नाटकातील लोकप्रिय ‘अण्णिगेरी १’ हा वाण उत्तम, परंतु मर रोगास बळी पडणारा. त्याचा डब्ल्यूआर ३१५ या प्रतिकारक वाणाशी संकर करून, पुढील पिढ्यांत पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच संकर केला गेला. प्रत्येक पिढीत डीएनए तपासून खूण बाळगणारी रोपेच निवडली. अशा रीतीने सिद्ध झालेल्या ‘सुपर अण्णिगेरी १’ची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. मूळ वाणाचे गुण राहिले, उणीव तेवढी भरून निघाली.

मात्र खूण म्हणजे जनुक नव्हे, हे विसरता कामा नये. दोहोंमध्ये अंतर असल्यास सांगड केव्हातरी तुटते. यास्तव जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पाहणे इष्ट असते. बुरशीही पालटत असते. आज अभेद्य वाटणारा वाण उद्याच्या नव्या प्रभेदापुढे हार खाईल. म्हणूनच रोगट जमिनीतील परीक्षा कधीच अनावश्यक ठरणार नाही. नकाशा वाट दाखवितो. चालावे मात्र शेतातूनच लागते.