शेळीच्या पोटातील शत्रू

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळ्यात महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर गेलात, तर गोठ्याच्या दारात कान पाडून उभी असलेली शेळी तुमच्या दृष्टीस पडेल. ती चारा खाते. पण अंग धरत नाही. तिच्या जबड्याखाली सूज येते. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग लाल न दिसता पांढुरका दिसतो. असे का बरे होते?

तिच्या पोटात जंत झालेले असतात. त्यांपैकी सर्वांत घातक जंत म्हणजे हिमोंकस. शेळी व मेंढी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. हा जंत चौथ्या कप्प्यात राहून रक्त शोषतो. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ही अंडी लेंड्यांबरोबर जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली, की सुमारे आठवड्याभरात त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात. सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे जंतांना येथे चार महिने आयतीच ओल मिळते.

जंतांवर औषध आहे. पण तेच औषध वारंवार किंवा अपुऱ्या मात्रेत दिले, तर पुढे जंत त्याला दाद देत नाहीत. म्हणून औषधाला आहाराची जोड हवी.

गेलेले रक्त भरून काढण्यासाठी आणि जंतांशी लढण्यासाठी शरीराला प्रथिने लागतात. शेळी विण्याच्या सुमारास तिची बरीच प्रथिने पिल्लाच्या वाढीसाठी व दुधासाठी खर्च होतात. त्या वेळी तिची प्रतिकारशक्ती कमी होते आणि लेंड्यांतून अधिक अंडी बाहेर पडतात. त्याच जागी कोवळी पिल्ले चरतात. म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि पिल्लू पीत असेपर्यंत शेळीला थोडी शेंगदाण्याची पेंड व धान्याचा भरडा द्यावा. खुराक एकदम न वाढवता हळूहळू वाढवावा.

झाडपालाही उपयोगी आहे. बहुतेक अळ्या जमिनीपासून वीतभर उंचीच्या आतच असतात. फणस, जांभूळ, शेवरी यांच्या डहाळ्या उंच टांगल्या, तर शेळीच्या पोटात अळ्या कमी जातात. शेवरीच्या पाल्यातून प्रथिनेही मिळतात. जांभूळ, बाभूळ यांच्या पाल्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. टॅनिन असलेल्या काही चाऱ्यांमुळे जंतांची अंडी कमी होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र टॅनिन फार झाले तर पचन बिघडते. म्हणून पाला मिसळून द्यावा.

जंतांना तोंड देण्याची शक्ती काही अंशी आनुवंशिकही असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढ्यांच्या बाबतीत या विषयावर संशोधन केले आहे. पण चांगल्या वंशाच्या जनावरालाही पोटभर सकस चारा लागतोच.

मित्रांनो, गरिबाच्या घरी शेळी हीच बँक असते. बकरी ईदच्या आधी बोकड विकून कोणी शाळेची वह्या-पुस्तके घेतो, तर कोणी आईचे औषध आणतो. तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या शेळीची पापणी पाहा. ती पांढरी दिसली, तर केवळ पेंडीवर विसंबू नका. त्याच दिवशी तिला जनावरांच्या दवाखान्यात न्या.